दहा दिवसांची लेक

पगाराच्या कागदावर तिचं नाव होतं, पण कंपनीत त्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत, दहा दिवसांची ताई.

कंपनी पलंग विकायची. साधे नव्हेत; बटण दाबलं की पाठीकडून उठणारे, पायांकडून उठणारे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे पलंग. विकणारा घरोघर जायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचा आणि सही घेऊन यायचा. आता कायदा असा होता, की दुकानात जाऊन सही केली तर केली. तिथे माणूस आपल्या पायांनी गेलेला असतो. पण विकणारा तुमच्या घरी येऊन, तुमच्याच खुर्चीत बसून सही घेऊन गेला, तर दहा दिवसांत तुम्हाला मन बदलता येतं. कारण सांगावं लागत नाही. एक चिठ्ठी पोस्टानं पाठवायची, पाकिटावर दहाव्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा, की झालं. कंपनीनं मुकाट्यानं पलंग उचलायचा. अकराव्या दिवशी मात्र तोच कागद दगड होतो.

ताईचं काम एवढंच, की त्या दहा दिवसांत चिठ्ठी लिहिली जाऊ नये.

असं काही कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं होतं ते 'तपासणी'. दुसऱ्या दिवशी ती जायची, गुडघे टेकून पलंगाखाली वाकायची, एखादा स्क्रू उगाच सैल करून पुन्हा आवळायची आणि आजाऱ्याची विचारपूस करायची. पाचव्या दिवशी काहीतरी घेऊन जायची. उशीचा अभ्रा, एखादा छोटा टॉवेल. फार मोलाचं नाही, मोलाचं दिलं की माणूस सावध होतो. आणि नवव्या दिवशी ती रिकाम्या हातानं जायची, कारण नवव्या दिवशी तिला काहीतरी मागायचं असायचं. ही तिची स्वतःची अक्कल. आपल्याला कुणी काही दिलं तर ते आपण विसरतो. आपण कुणाला काही दिलं तर तो माणूस आपला होतो. आणि आपल्या माणसाच्या पोटावर पाय देणारी चिठ्ठी सहसा कुणी लिहीत नाही.

मागण्यासाठी तिच्याकडे एक कोट होता. करड्या रंगाचा, जाड, कोपरांवर चकाकी आलेला. त्याचा उजवा खिसा आतून फाटलेला असे. "चाव्या अस्तरात जातात हो, सुई-दोरा मिळेल का?" असं म्हणायचा अवकाश, घरातली बाई कोट हातातून ओढून घ्यायची. तो खिसा आजवर किती घरांत शिवला गेला होता याची मोजदाद नव्हती. घरी आल्यावर ताई ब्लेड घेऊन तो पुन्हा उसवून ठेवायची.

अकराव्या दिवसानंतर ती त्या गल्लीतूनसुद्धा जात नसे.

त्याआधी बारा वर्षं ती इस्पितळात आया होती. तिथे तिच्या हाताला गुण आहे असं म्हणत, पण गुण हाताला नव्हता, तीन शब्दांना होता. मी आहे ना. औषध थुंकणाऱ्या म्हाताऱ्याला, पोट फाडायला नेताना थरथरणाऱ्या बाईला ती कानाशी वाकून एवढंच म्हणायची, आणि त्या काळात ते खरंही असायचं. ती खरोखरच तिथे असायची. पलंगाच्या कंपनीच्या साहेबाचा बाप तिच्याच वॉर्डात गेला. बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी साहेबानं तिला दुप्पट पगार सांगितला. ते तीन शब्द तिनं इस्पितळातून बरोबर आणले. आता फक्त ते दहा दिवसच टिकायचे.

घरी आई होती. दीड खोलीत दोघी. दिवसभर परक्यांच्या आईबापांची विचारपूस करून आलेली ताई घरी चप्पल काढता काढताच मुकी व्हायची. आई म्हणायची, "दारोदार लेक होऊन फिरतेस आणि घरी आलीस की भाडेकरू." ताई म्हणायची, "भाडं तरी वेळेवर देते ना." दोघींचं बोलणं बहुधा तेवढ्यावरच संपे.

कॉलरमावशीला पलंग साखऱ्यानं विकला होता. साखऱ्या म्हणजे कंपनीचा सगळ्यात चलाख विक्रेता. जिभेवर साखर म्हणून साखऱ्या. तो म्हणाला, "ताई, दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत. थोरली पडूनच असते. धाकटी शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलरी शिवायची, म्हणून कॉलरमावशी. गाय आहे गाय. तुला फार खपावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी ताई गेली. तिसरा मजला, जिना अंधारा, लिफ्ट नाही. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नवा पलंग एवढा मोठा वाटत होता की खोली त्याच्याभोवती बांधल्यासारखी. त्यावर थोरली, वाळल्या पानासारखी. आतल्या खोलीत एकच खिडकी आणि खिडकीखाली शिलाई मशीन, त्यावर धुवून इस्त्री केलेलं फडकं.

ताईनं स्क्रू सैल केला, आवळला.

"बटण दाबा बघू," ती म्हणाली.

धाकटीनं बटण दाबलं. थोरलीची पाठ हळूहळू वर आली, आणि दोन वर्षांनी तिला आतल्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या निळ्या शर्टाची कॉलर वाकडी आहे."

"कारखाना बदलला वाटतं," धाकटी म्हणाली, आणि तिघी हसल्या.

ताईनं आपल्या वहीत लिहिलं: चहा बिनसाखरेचा. थोरलीला उजव्या कुशीवर दुखतं. निळा शर्ट.

पाचव्या दिवशी ती उशीचा अभ्रा घेऊन गेली तेव्हा पलंग रिकामा होता, पाठ वर उचललेली तशीच. थोरली आदल्या पहाटे गेली होती. सगळं आटोपलंही होतं. धाकटी खुर्चीत बसली होती आणि पलंगाकडे बघत होती, कुणीतरी नुकतंच उठून आत पाणी प्यायला गेलं असावं तशी.

ताई त्या दिवशी तीन तास बसली. तिनं भांडी घासली, बाटल्या आणि औषधं एका पिशवीत भरली, मावशीला चहा दिला. त्यातलं किती कंपनीसाठी आणि किती आपलं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही; विचारायची सवय मोडली होती. निघताना मावशी म्हणाली, "तू येशील ना परत?"

"मी आहे ना," ताई म्हणाली. तोंडातून आपोआप गेलं.

कंपनीत आल्यावर साहेबानं विचारलं, "तिसऱ्या मजल्याचं काय?"

"आजारी होती ती गेली."

साहेब क्षणभर थांबला. माणूस वाईट नव्हता. वाईट वाटण्याइतका वेळ तो काढायचा. मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे अजून पाच दिवस. या महिन्यात तीन पलंग परत आलेत, ताई. चौथा आला तर तू नेमकं काय करतेस ते मलाच कळेनासं होईल."

कायद्याच्या दिवसांना दुःखाची सुट्टी नसते. ते रविवारीही चालतात, मेलेल्या माणसाच्या घरातही चालतात.

नवव्या दिवशी दुपारी ताई कोट घालून गेली. मावशीनं दार उघडलं. चेहरा उतरलेला, पण केस विंचरलेले. टेबलावर कराराचा कागद पालथा पडला होता.

"मावशी, खिसा फाटलाय बघा. चाव्या अस्तरात जातात."

"आण इकडे."

मावशी आतल्या खोलीत खिडकीशी बसली. खिसा उलटा करून तिनं डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बोटांनी चाचपला. म्हणाली, "बऱ्याच जणींनी शिवलाय हा. एक हात डावखुरा होता." मग थोडं थांबून, "आणि हा फाटलेला नाही. कापडाचं फाटणं वेगळं, कापणं वेगळं."

"जुना कोट आहे, मावशी."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मशीनवरचं फडकं काढून घडी घातली, दोरा ओवला आणि टीप मारायला घेतली. मशीनचा आवाज बारीक, एकसारखा. मध्येच ती बोलायला लागली, मान वर न करता.

"आमच्याकडे प्रत्येकीला नंबर होता. कॉलरीच्या आत नंबराची चिठ्ठी जायची. कॉलर बिघडून परत आली की नंबर बघायचे. तीस वर्षांत माझी एकही परत आली नाही. एकदा एक आली, तिची चिठ्ठी गळून पडली होती. मुकादमानं विचारलं, ही टीप कुणाची? मी एका नजरेत ओळखली. नवी मुलगी होती, माझ्या शेजारी बसायची. मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. तिला त्याच दुपारी काढलं." मशीन थांबलं. "तिचं लहान बाळ होतं, हे मला नंतर कळलं. खरं सांगून सुद्धा माणसाला झोप लागत नाही कधीकधी."

तिनं दुहेरी टीप मारली, दोरा दातानं तोडला आणि खिशात मूठ घालून जोर दिला. "आता यातून केस पडायचा नाही."

मग बाहेरच्या खोलीत येऊन तिनं कराराचा कागद सुलटा केला. "हे बघ, मागच्या बाजूला लिहिलंय. अक्षर मुंगीएवढं आहे, पण मी टाके मोजणारी बाई. दहा दिवसांत परत करता येतो. थोरलीसाठी घेतला होता. आता मी एकटी त्यावर काय करू, वर-खाली होऊ? हप्ते द्यायचे तर आतली खोली भाड्यानं द्यावी लागेल. मशीन तिथंच, खिडकी तिथंच. बाकी मला आहे काय?" तिनं ड्रॉवरमधून पाकीट काढलं. चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, पत्ता सुबक अक्षरात. "लिहून ठेवलंय. पण गुडघे तीन जिने उतरू देत नाहीत, आणि शेजारी गावाला गेलेत. तू जातेसच आहेस तर पेटीत टाकशील? तुमच्याच कंपनीचं आहे, तुला राग नाही ना यायचा?"

"राग कसला," ताई म्हणाली.

मावशीनं पाकीट स्वतःच्या हातानं त्या शिवलेल्या खिशात ठेवलं आणि वरून थोपटलं. "तू होतीस म्हणून हो."

खाली रस्त्यावर आल्यावर पहिल्याच कोपऱ्यावर टपालपेटी होती. ताई तिच्यावरून पुढे गेली. दुसरी औषधांच्या दुकानापाशी होती. तिथे ती थांबली, पाकीट बाहेर काढलं, पत्त्यातलं साहेबाच्या कंपनीचं नाव वाचलं आणि परत ठेवलं. अजून उद्याचा दिवस आहे, असं ती स्वतःला म्हणाली. एकोणपन्नासाव्या वर्षी इस्पितळं आया ठेवत नाहीत, त्यांना धावणाऱ्या पोरी लागतात. आईच्या गोळ्या महिन्याच्या पाच तारखेला संपतात. हे सगळं खरं होतं. खऱ्याचा हाच त्रास असतो. हवं तेव्हा हवं तेवढं हाताशी असतं.

दहाव्या दिवशी साडेचारला ती कंपनीसमोरच्या चहाच्या दुकानात बसली. काचेतून समोरची पेटी दिसत होती. पाच वाजता टपालवाला सायकलवरून आला, पेटी उघडली, पोतं भरलं, कुलूप लावलं, आणि शीळ घालत गेला. ताईनं चहा संपवला. पैसे दिले. रस्ता ओलांडून पाकीट पेटीत टाकलं. ते तळाशी आपटल्याचा आवाज आला. पेटी रिकामी होती.

टाकलं, ही गोष्ट खरी होती.

पाकिटावर अकराव्या दिवसाचा शिक्का बसला. कंपनीनं मावशीला दोन ओळींचं पत्र पाठवलं: मुदत संपल्यानं विनंती मान्य करता येत नाही.

आठवड्यानं मावशी कंपनीत आली. तीन जिने उतरून, दोन बस बदलून, हातात काठी. साहेब उठून उभा राहिला. "बसा, आजी."

"बसायला नको. तुमच्या पलंगानं दहा दिवस बसवलं-उठवलंय, तेवढं पुरे." ताई दाराशी उभी होती, मावशीनं तिच्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. "मी भांडायला आले नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेतात त्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, पत्र चुकून उशिरा पडलं असेल तर उशीर माझा. पण कंपनीच्या माणसानं मुद्दाम अडवलं असेल, तर दिवस धरायचेच नाहीत. पत्र मी हिच्या हाती नवव्या दिवशी दिलं. काय झालं, एवढंच विचारायचंय."

साहेबानं पेन टेबलावर ठेवलं. "नियम बरोबर आहे. मुद्दाम अडवलं असेल तर पलंग उद्याच्या उद्या उचलतो. आणि हिला आजच घरी पाठवतो. असली माणसं मला नकोत." हे बोलताना त्याची पापणी लवली नाही. "सांग, ताई. मुद्दाम ठेवलंस?"

ताईच्या मनात उत्तर आधीपासून तयार नव्हतं, पण जीभ तयार होती. इतकी वर्षं एकच वाक्य घरोघर म्हटलेलं.

"खिसा फाटलाय ना माझा," ती म्हणाली. "पाकीट अस्तरात गेलं. दुसऱ्या दिवशी सापडलं. लगेच टाकलं, पण पेटीतलं टपाल निघून गेलं होतं."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण हे कुणासमोर बोललो.

कोट खुर्चीच्या पाठीवर होता. मावशीनं काठी टेबलाला टेकवली आणि हात पुढे केला. "दे बघू."

ताईनं कोट दिला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मावशीनं उजव्या खिशात हात घातला. मनगटापर्यंत. तिची बोटं आत टिपेवरून फिरत होती, हे वरून कापडातून दिसत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तशी. टीप जागच्या जागी होती; त्या नवव्या दिवसापासून ताईनं ती उसवलीच नव्हती. साहेब बघत होता. दारामागून साखऱ्याही बघत होता.

मावशीनं हात तसाच आत ठेवून ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ताईनं तो सोसला असता. पण मावशी तिच्या वयाचा, पायातल्या चपलांचा, कोपरांवरच्या चकाकीचा हिशेब लावत होती.

"हो," ती शेवटी म्हणाली. "शिलाई कच्ची राहिली माझी. वय झालं. नजर गेली."

साहेबानं श्वास सोडला. "होतं असं, आजी. कुणाचाच दोष नाही."

"माझा आहे," मावशी म्हणाली. "मी म्हणतेय ना." तिनं कोटाची घडी घातली, खिशाची बाजू आत राहील अशी, आणि ताईच्या हातात दिली.

ताई जिन्यापर्यंत धावली. "मावशी, थांबा. मी जाऊन सांगते त्यांना."

मावशी दोन पायऱ्या उतरली होती. ती वळली आणि थांबली. खरोखर थांबली, काठीवर भार टाकून, तोंड वर करून, वाट बघत. ताई कठड्याला धरून उभी होती. मागे चार पावलांवर साहेबाचं दार होतं, उघडंच. आतून साखऱ्याचं हसू ऐकू येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

"जा आत," मावशी म्हणाली. "गार आहे. कोट घाल."

तिची काठी एकेक पायरी वाजवत खाली गेली.

पुढच्या महिन्यात ताई त्या गल्लीतून गेली. आपला नियम तिनं पहिल्यांदाच मोडला. खालून आतल्या खोलीची खिडकी दिसायची. तिला नवा पडदा होता, आणि पडद्याआडून रेडिओवर बातम्या लागाव्यात तसा कुणा पुरुषाचा घोगरा आवाज येत होता. भाडेकरू आला होता. जिन्याखाली, मीटरच्या खोक्याशेजारी, शिलाई मशीन उभं होतं. त्यावर ते फडकं नव्हतं. ताई वर गेली नाही.

त्या संध्याकाळी ती घरी कोट मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी एका घरी नववा दिवस होता; लकव्याचा माणूस, सून साशंक, चिठ्ठी लिहील अशी. ब्लेड नवं होतं तरी टाके निघेनात. बाकीच्या बायकांची शिलाई एका ओढीत उसवायची. ही एकेक टाका करून कापावी लागत होती. दुहेरी टीप. वरची कापली की खाली दुसरी.

आई पलंगावरून बघत होती. ती म्हणाली, "कुणी शिवला होता गं? हात चांगला आहे."

"आहेत एक मावशी."

"आण की एकदा घरी. मला तरी कोण आहे बोलायला."

दोऱ्याचे बारीक तुकडे मांडीवर पडत होते. अर्धा खिसा अजून व्हायचा होता.